चित्र का हलले?

मी एक जुना, चावीचा कॅमेरा आहे. अंगाने ठेंगणा, वजनाने भारी आणि स्वभावाने थोडा आढ्यताखोर. पण मित्रांनो, माझी गोष्ट ऐकलीत तर एवढी आढ्यता तुम्ही मला माफ कराल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईंनी माझी काच घासूनपुसून नितळ केली आणि उजेडापुढे धरून त्या म्हणाल्या, "जा रे, लग्नं बघ, बारशी बघ, गोड गोड बाळं बघ." पण मी खोक्यातून बाहेर येतो न येतो तोच युद्ध सुरू झाले. बारसे राहिले बाजूला, माझी रवानगी झाली थेट लष्कराच्या चित्रपट विभागात.

आता लढाया टिपायच्या म्हणून मी मनातल्या मनात फुशारलो होतो. प्रत्यक्षात काम आले ते बुटाची नाडी कशी बांधावी आणि वाळूची पोती कशी रचावीत हे टिपण्याचे! नव्या शिपायांना शिकवण्यासाठी हे चित्रपट असत. त्यात कायम एकच नट, कवायतीचे हवालदार. ते सगळे इतके बिनचूक करत, की दिवे मालवले रे मालवले की सभागृहात घोरण्याची जुगलबंदी सुरू होई. सर्वांत वरचा सूर असे तो धाकट्याचा.

धाकटा म्हणजे मला चालवणाऱ्याचा सख्खा भाऊ, नुकताच भरती झालेला. म्हणून मला चालवणाऱ्याला सगळी छावणी थोरला म्हणे. त्याचे हात उबदार होते. माझी काच तो मऊ फडक्याशिवाय कधी पुसत नसे.

एक दिवस हुकूम आला. धाकट्याची तुकडी बॉम्ब पडलेल्या गावांत जाणार होती. मोडक्या घरांत शिरायचे आणि अडकलेल्यांना बाहेर काढायचे. त्याआधी त्यांना शिकवणारा चित्रपट आम्ही करायचा.

"काल काय दाखवलं रे तुम्हाला?" थोरल्याने भावाला विचारले.

"दिवे घालवले, एवढं आठवतंय."

थोरला हसला नाही. "अरे, भिंत काय तुला हाक मारून पडणार आहे?"

त्या दिवशी त्याने ठरवले, की या वेळी बिनचूक वागणारा नाही, तर चुका करणारा माणूस दाखवायचा. हवालदारांना तसे सांगितले. बिचाऱ्यांनी खूप प्रयत्न केला, पण पाय आपोआप भिंतीच्या कडेने पडत आणि हात आपोआप शिरस्त्राणाकडे जाई. शेवटी ते रडकुंडीला आले. "मला नाही हो जमत चुकायला!"

मग छावणीच्या आचाऱ्याला बोलावले. त्याला काही शिकवावे लागले नाही.

चित्रीकरणासाठी घर मिळाले ते एका शिंपीकाकांचे. बॉम्बने पुढची भिंत नेली होती, जिना अर्ध्यावरच संपत होता आणि वरच्या खुंटीला एक अर्धवट शिवलेला कोट अजून लटकत होता. घरची माणसे तळघरात होती म्हणून वाचली. लष्कराने घराला भक्कम टेकू दिले होते, तरी काका रोज येऊन राहिलेली फरशी झाडत. आम्हाला पाहून ते म्हणाले, "पाय पुसून या हं आत." दार नव्हते, पायपुसणे मात्र होते. हवालदारांनी निमूटपणे पाय पुसले.

धडा असा होता: ढिगाऱ्यातली कोणतीही वस्तू ओढू नये, कारण तिच्यावर काय तोललेले असेल ते दिसत नाही. आचाऱ्याने मोडक्या फळ्यांखालची खुर्ची ओढून तिच्यावर ऐटीत बसायचे आणि वरून दोघा शिपायांनी राखेचे पोते रिकामे करायचे. विटांच्या ढिगावर माझी तिवई उभी राहीना, म्हणून थोरल्याने मला छातीशी धरले. चावी दिली. मी गुरगुरू लागलो.

आचाऱ्याने खुर्ची ओढली, तो बसला, त्याने पायावर पाय टाकला. वरून धप्पकन पांढराशुभ्र लोट आला. आचाऱ्याने ओठ चाटले आणि त्याचे डोळे विस्फारले.

"अरे, हे माझं पीठ! उद्याच्या जेवणाचं पीठ!"

"पोती शेजारी शेजारी होती हो!" वरून आवाज आला.

आचारी शिरस्त्राण काढून त्यात पीठ भरू लागला. हवालदारांच्या मिशा थरथरल्या. शिंपीकाका तर आपले घर पडले आहे हेच विसरून पोट धरून हसत होते. आणि थोरला? त्याचे हसू पोटातून निघाले आणि छातीत आले. छातीवर मी होतो. मी असा गदगदा हललो, की माझे सगळे स्क्रू खुळखुळले.

चित्र हलले! तेवढीच फिल्म उरली होती, पुन्हा काढणे शक्य नव्हते. मोठ्या साहेबांनी चित्रपट नापास केला, तर धाकटा काही न शिकताच निघणार होता. साहेब पाहत असताना थोरला नखे कुरतडत बसला.

"थांबा," साहेब म्हणाले. "छप्पर कोसळल्यावर जो हादरा बसतो, तो कसा दाखवलात? अगदी खरा वाटतो!"

हवालदार ताडकन उठले. जन्मात ते खोटे बोलले नव्हते. "साहेब, तो आतून आला."

"वा!" साहेब म्हणाले, आणि चित्रपट पास झाला.

त्या दिवशी सभागृहात कोणी घोरले नाही. तुकडीने तो चित्रपट ओरडून ओरडून पुन्हा लावायला लावला, आणि सर्वांत मोठा आवाज धाकट्याचा होता. दुसऱ्या दिवशी तुकडी गेली. थोरला हसायचाच विसरला. माझी काच स्वच्छ असतानाही तो ती पुसत बसे.

पुढे एका दुपारी धाकटा रजेवर आला. दारातूनच त्याने हाक मारली, "दादा! एका घरात आत कोणीतरी कण्हत होतं. वाटेत एक खुर्ची आडवी. मी ओढायला हात घातला आणि आचाऱ्याचं पांढरं तोंड डोळ्यांसमोर आलं. हात मागे घेतला. मागच्या खिडकीतून शिरलो. मायलेकी दोघी सुखरूप आहेत बघ. खुर्चीवर अख्खं छप्पर टेकलं होतं!"

थोरल्याने त्याला घट्ट मिठी मारली. मी त्याच्या गळ्यातच होतो, दोघांच्या मधे चेपला गेलो. माझ्या अंगावरचा हा पोचा तेव्हाचा. कारखान्यातल्या बाईंनी सांगितलेली बाळे मला दिसली नाहीत, पण त्या क्षणी मला काही कमी वाटले नाही.

आता मी प्रशिक्षण शाळेच्या कपाटात असतो. मित्रांनो, मला हातात घ्या, पण माझी काच सदऱ्याच्या टोकाने पुसू नका. आणि हा पोचा दुरुस्त करायला नेऊ नका. तो चित्रपट इथे अजून दाखवतात. चित्र हलले, की मुले म्हणतात, "बापरे, केवढा बॉम्ब!" मला मात्र ठाऊक आहे, तो बॉम्ब नाही. तिथे थोरला हसतो आहे.