घुमटीखालची डबी

आमच्या घरात खिडकीचा विषय काढायचा नाही. म्हणजे तळघरातल्या. बाकीच्या खिडक्या उघडा, लावा, त्यांतून डोकं बाहेर काढून भांडा, कुणी काही म्हणणार नाही. पण माझे सासरे तळघरात घड्याळं दुरुस्त करतात आणि धूळ त्यांची जन्माची वैरीण. त्या एकुलत्या एक खिडकीच्या फटींवर त्यांनी रंगाचे इतके थर चढवलेत की ती आता भिंतच झाली आहे. पंखा नाही, कारण पंखा धूळ उडवतो. मला स्वेटर घालून खाली उतरायची बंदी, कारण लोकरीचा एक तंतू जरी चाकात अडकला तर... पुढचं वाक्य मला पाठ आहे.

मी बस चालवते. दिवसभर दारं उघड, दारं लाव. बंद खोलीत माणूस आनंदाने कसा बसतो हे मला मुळातच कळत नाही. पण ते झालं माझं मत, आणि माझ्या मताला या घरात किती किंमत आहे ते पुढे येईलच.

शेजारच्या काकू आजारी पडल्या आणि हे सगळं सुरू झालं. त्यांचं घर आमच्या घराला चिकटून, मधली भिंत एकच. शाळेत शिकवण्यात आयुष्य गेलेलं, सिगारेटला कधी हात लावला नाही, आणि फुप्फुसाचा कर्करोग निघाला. डॉक्टरांनी त्यांना विचारलं, घरातला रेडॉन कधी मोजलाय का? काकूंनी ते मला सांगितलं आणि मग मी वाचत सुटले. हा वायू जमिनीतून येतो, फरशीच्या भेगांतून घरात शिरतो आणि जिथे हवा खेळत नाही तिथे साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. वर्षानुवर्षं तो छातीत जात राहतो, आणि सिगारेटच्या खालोखाल फुप्फुसाच्या कर्करोगाला हाच कारण.

जेवताना मी हे सगळं सांगितलं.

"दिसत नाही म्हणतेस?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"वास?"

"तोही नाही."

"मग सूनबाई, तुला तो भेटला कुठे? बसमध्ये?"

नवरा हसला. त्याचं कायमच तळ्यात-मळ्यात. वडिलांसमोर हसायचं आणि खोलीत आल्यावर मला म्हणायचं, "तुझं बरोबर आहे गं, पण सांगायची पद्धत..." माझी पद्धत! जणू वायू माझी पद्धत बघून आत शिरणार होता.

मी गप्पही बसले असते. माणूस चाळीस वर्षं तिथे बसतोय, त्याला अक्कल शिकवणारी मी कोण? पण आता प्रश्न ठकीचा होता. माझी मुलगी बारा वर्षांची झाली होती आणि तिला स्वतःची खोली हवी होती. तळघरात बाबांच्या कामाच्या खोलीमागे एक खोली रिकामी पडलेली. आजोबांनी परस्पर कबूल करून टाकलं होतं. ठकीने भिंतीचा रंगसुद्धा ठरवला होता. मी म्हटलं, आधी मोजायचं, मग पलंग हलवायचा. त्यावरून तिने माझ्याशी अबोला धरला.

तपासणीची डबी मी प्रयोगशाळेतून आणली. मुठीत मावेल एवढी, काळी, प्लॅस्टिकची. तिला काही करायचं नसतं, नुसती ठेवून द्यायची. ती खोलीतली हवा घेत राहते, आणि काही आठवड्यांनी परत पाठवली की प्रयोगशाळा आकडा कळवते. मी ती घेऊन खाली निघाले तर बाबांनी जिन्यातच हात पुढे केला.

"आण इकडे. तुझ्या हाताला तेल असतं."

"टेबलावर ठेवा. आणि हलवू नका."

"मला सांगतेस? उभा जन्म नाजूक वस्तूंमध्ये गेला माझा."

हे मात्र खरं होतं. म्हणून मी निर्धास्त झाले. मुदत संपल्यावर त्यांनी डबी स्वतः वर आणून दिली, वर फडक्याने पुसूनसुद्धा.

निकाल आला. रेडॉन जवळजवळ नाहीच.

त्यानंतर या घरात माझं जे काही झालं ते विचारू नका. दूध उतू गेलं की नवरा म्हणायचा, "रेडॉन असेल." बाबा शिंकले की म्हणायचे, "सूनबाई, आला बघ तुझा पाहुणा." ठकीचा पलंग त्याच रविवारी खाली गेला. ती आनंदाने नाचत होती आणि मी जिन्यात उभी राहून ओठ चावत होते. निकाल चांगला आला म्हणून आई चिडते का कधी? मी चिडले होते. आणि त्याची लाजही वाटत होती, त्यामुळे आणखी चिडले.

हिवाळा सरता सरता काकूंच्या घराची तपासणी झाली. त्यांचा आकडा मर्यादेच्या कितीतरी पट निघाला. मी भेटायला गेले तर त्या उशीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "भिंत एक, जमीन एक. तुमच्याकडे नाही आणि आमच्याकडे आहे, असं कसं गं?" त्यांच्या आवाजात दोष नव्हता, त्या खरंच विचारत होत्या. कुठेतरी पाणी मुरतंय एवढं मला नक्की कळलं.

मी दुसरी डबी आणली. या वेळी कुणालाही न विचारता थेट खाली गेले, आणि तेही स्वेटर घालून. बाबा डोळ्याला भिंग लावून एका उघड्या घड्याळावर वाकले होते. माझा स्वेटर बघून त्यांचा चेहरा पडला, पण डबी दिसताच हात पुढे आला.

"पुन्हा? बरं, दे. मागच्यासारखी नीट ठेवतो."

आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी टेबलावरची काचेची घुमटी उचलली. उघडी घड्याळं झाकायची ती घुमटी, खाली रबराची कड असलेली. डबी मधोमध ठेवली, वरून घुमटी बसवली आणि अंगठ्यांनी दाबली. रबर टेबलाला घट्ट चिकटलं.

"बाबा, हे काय करताय?"

"धूळ जायला नको आत. मोजायचं यंत्र आहे, घाण झालं तर चुकीचं दाखवेल."

"मागच्या वेळी पण असंच ठेवलं होतं?"

"पहिल्या दिवसापासून. एकदाही उचललं नाही," ते म्हणाले. कौतुकाची वाट बघत होते.

मला ओरडायचं होतं. फार ओरडायचं होतं. पण कुणावर ओरडू? त्यांनी फसवलं नव्हतं. थट्टा करत करत त्या डबीला त्यांनी घरातल्या सगळ्यात जपायच्या वस्तूसारखं जपलं होतं. या माणसाने निष्काळजीपणा केला असता तर माझी मुलगी त्या खोलीत झोपलीच नसती. मी घुमटी काढली, डबी उघड्यावर ठेवली आणि म्हटलं, "तिला खोलीतली हवा मोजायची होती, बाबा. तुम्ही तिला घुमटीतली मोजायला लावलीत."

ठकीचा पलंग मी त्याच संध्याकाळी एकटीने वर ओढला. ती रडली, म्हणाली, तुला माझं काहीच चांगलं बघवत नाही. नवरा म्हणाला, "अगं, निकाल तरी येऊ दे." त्याच्याकडे मी असं बघितलं की त्याने पलंगाची दुसरी बाजू धरली.

नवा निकाल काकूंच्या आकड्याच्या शेजारी बसेल असा होता. मी डॉक्टरांकडे गेले. ते समजूतदारपणे बोलले. मुलगी थोडाच काळ तिथे होती, तिचा धोका फार वाढला नसावा. सासऱ्यांना मात्र तपासून घेऊ. फरशीच्या भेगा बुजवा, फरशीखालून नळी टाकून वायू छपरावर सोडता येतो, सोपं काम आहे. मी विचारलं, आत गेलं ते किती गेलं, हे मोजायचं काही आहे का? ते म्हणाले, नाही. मग कळणार कधी? ते म्हणाले, बहुतेक कधीच काही होणार नाही. बहुतेक! एवढा एक शब्द घेऊन मी घरी आले, आणि तो ठेवायला घरात जागा नव्हती.

निकालाचा कागद बाबांनी भिंग लावून वाचला. पुन्हा वाचला. थट्टा आली नाही.

"ठकी खाली झोपायला कधी लागली?"

"पहिला निकाल आल्यावर."

"म्हणजे माझ्या घुमटीच्या जोरावर," ते म्हणाले आणि उठून खाली गेले.

थोड्या वेळाने खालून खरवडल्याचा आवाज यायला लागला. ठकीने आणि मी जिन्यात जाऊन बघितलं. बाबा स्टुलावर चढून त्यांच्या बारीक पेचकसाने खिडकीवरचा रंग खरवडत होते. तो पेचकस ते कुणाला हातही लावू देत नाहीत, त्याचं टोक वाकलं होतं. नवऱ्याने मागून जाऊन चौकटीला खांदा लावला. खिडकी करकरली आणि उघडली. रस्त्यावरची थंड हवा एकदम आत घुसली, रंगाचे पोपडे उडाले, आणि टेबलावर कुणाचं तरी घड्याळ उघडं पडलेलं होतं.

"आजोबा!" ठकी ओरडली. "झाका ना! धूळ जातेय आत!"

बाबा स्टुलावरून उतरले. घुमटी हाताशीच होती, पण त्यांनी तिला हात लावला नाही. ठकीला जवळ ओढून खिडकीसमोर उभं केलं.

"जाऊ दे," ते म्हणाले. "घड्याळ मला उघडून साफ करता येतं."