खरं लंगडणं

माझा धाकटा भाऊ माणसाच्या तोंडाकडे बघत नाही, पायांकडे बघतो. धंदाच तसा आहे त्याचा. ज्यांचा एक पाय आखूड आहे, ज्यांचं पाऊल आत वळलेलं आहे, ज्यांना साध्या दुकानातले बूट चालत नाहीत, अशांचे बूट तो बनवतो. खाली कारखाना, वर आमचं घर. मी अस्तरं शिवते, आल्यागेल्याला बसवते आणि कोणी नसती घाई करायला लागलं की त्याला जागेवर आणते. गिऱ्हाइकं भावाला मास्तर म्हणतात. दाराबाहेर पाऊल वाजलं की मान वर न करता मास्तर सांगणार, "डावी टाच झिजलीय तुमची, या आत." लोक तोंडात बोटं घालतात. मलाही त्याचं कौतुक आहे, खोटं कशाला बोलू?

पण त्याच्या स्वतःच्या पोरीचे पाय सरळ होते. तिचं तेवढंच चुकलं.

पोरगी चार वर्षांची. घरात तिला सगळे भोंगा म्हणायचे, कारण एकदा सुरू झाली की थांबायचं नाव नाही. "बाबा, हे बघ. बाबा, उडी मारू? बाबा, इकडे बघ ना!" बाबाच्या मांडीवर कुणाच्या तरी मुलाचं पाऊल असायचं, हातात टेप, दातांत पेन्सिल. तो "हं" म्हणायचा. त्या "हं"वर कुणाचं पोट भरतं का? मग ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायची आणि बघत राहायची. तिचा बाप गुडघे टेकून दुसऱ्याच्या पोराला म्हणत असायचा, "शाब्बास! चल बरं त्या भिंतीपर्यंत. आता परत ये. वा, काय छान चालतोस रे!" तिला असं कधी कुणी चालायला सांगितलं नव्हतं. तिला चालता येत होतं ना.

म्हणून एका सकाळी ती लंगडत खाली आली.

त्या दिवशी मास्तरांची मान वर झाली. त्याने तिला उचलून बाकावर बसवलं, पाऊल तळहातावर घेतलं, बोट न् बोट दाबून पाहिलं. भिंतीपर्यंत चालवलं, परत आणलं. पोरीचा चेहरा असा फुलला होता की मला तिथल्या तिथे कळलं, हे नाटक आहे. त्याला कळायला दुपार उजाडली, कारण दुपारी ती दुसऱ्या पायाने लंगडत होती. मी हसले. तो हसला नाही. त्याच्याच कारखान्यात येऊन कोणी खोटं लंगडावं, हे त्याला फार झोंबलं.

मग ते रोजचंच झालं. गिऱ्हाईक आलं की हिचा पाय दुखणार. वहिनी नोकरीवरून दमून यायची आणि हे ऐकून रडकुंडीला यायची. शेवटी ती बालवाडीतल्या समुपदेशक बाईंना भेटून आली. बाईंनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. लंगडली की लक्ष द्यायचं नाही, ही एक. आणि नीट चालत असेल, खेळत असेल, तेव्हा आपणहून जवळ घ्यायचं, रोज थोडा वेळ फक्त तिच्यासाठी ठेवायचा, ही दुसरी. वहिनीने दोन्ही आम्हाला नीट समजावून सांगितल्या.

"बरं झालं," भाऊ म्हणाला. "आजपासून कोणी बघायचं नाही तिच्याकडे."

"आणि दुसरं?" मी विचारलं.

"तेही करू की. हे हातातलं काम उरकू दे."

हातातलं काम! या घरात हातातलं काम उरकलेलं मी तरी अजून पाहिलेलं नाही. पहिली गोष्ट मात्र आम्ही अगदी मन लावून केली. लक्ष न द्यायला वेळ लागत नाही, कामही थांबत नाही. पोरगी लंगडत आली की आम्ही तिघं तिच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलायचो. हळूहळू तिचं लंगडणं थांबलं. भाऊ खूश. कोपऱ्यात गप्प बसलेल्या पोरीला जवळ घ्यायची वेळ हीच होती, पण गप्प पोरगी कामात आड येत नाही. तिच्याकडे कोण बघतो?

एका सुट्टीच्या दिवशी तिचा मामा आला. नवा माणूस दिसताच तिने पुन्हा पाय ओढायला सुरुवात केली. मामा कळवळला. "अरे, हिला काय झालं?"

"काही झालेलं नाही, नाटक आहे," भाऊ म्हणाला, आणि धंद्यातला विषय निघाल्यावर त्याची कळी खुलते तशी खुलली. "सांगू कसं ओळखायचं? ज्याचं खरं दुखतं ना, तो दर पावलाला लंगडतो. त्याला विसरताच येत नाही, दुखणं विसरू देत नाही. खोटं लंगडणारा चार पावलं गेला की विसरतो. आता बघ, ही दारापाशी विसरेल."

ती दारापाशी विसरली. मामा खो खो हसला. पोरगी दारात उभी राहून बापाकडे बघत राहिली. रडली नाही, ओरडली नाही. भोंगा वाजला नाही म्हणून मला तेव्हा हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा लंगडायला लागली. फक्त उजव्या पायाने. "बाबा" नाही, "बघ" नाही. जिना चढताना, उतरताना, आजूबाजूला कोणी नसतानासुद्धा. मला ते खटकलं. शिवण बाजूला ठेवून मी म्हटलं, "अरे, ऐक तरी. हे पाऊल वेगळं वाजतंय."

"सराव केलाय तिने," तो मान खाली घालूनच म्हणाला. वर हसला मेला! "चांगलं जमायला लागलंय."

वहिनीने हात जोडले. "ताई, प्लीज. एकाने जरी बघितलं तर पुन्हा पहिले पाढे." आंघोळीला पोरगी पाय आखडून बसायची. हाही नखराच, म्हणून वहिनीने तिकडेही डोळेझाक केली.

मग एका दुपारी ती पायरीवर डोकं टेकून बसलेली दिसली. हात लावला तर अंग चटका बसेल इतकं तापलेलं. मी तिचा उजवा बूट काढायला गेले तशी ती किंचाळली. मोजा पायाला चिकटला होता. टाच सुजून काळीनिळी झालेली, आणि बुटात एक बारीक, चपट्या डोक्याचा खिळा, टोक वर करून ठेवलेला. आमच्याच डब्यातला.

भाऊ हातातलं टाकून धावत आला. "कोणी घातला हा?"

"मी," ती म्हणाली.

"का गं, बाळा?"

"मी सारखी विसरत होते ना." तापाने तिचे डोळे मिटत होते, तरी ती बापाकडे बघून हसली. "आता दारापाशी पण नाही विसरले."

भावाने तिला उचलून छातीशी धरलं. मला त्याची दया आली नाही. वहिनीची आली नाही, माझी स्वतःचीही नाही. इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो काढायला घरात एकही परका माणूस नव्हता.

दवाखान्यात टाच कापून पू काढला. सुया झाल्या, पट्ट्या झाल्या, जखम भरली. डॉक्टर म्हणाले, आत काही राहिलेलं नाही, पाय उत्तम आहे, चालू द्या.

पोरगी अजून लंगडते.

भाऊ आता रोज संध्याकाळी काम बंद करतो. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी. गुडघे टेकून बसतो आणि तिला भिंतीपर्यंत चालवतो, परत आणतो. डोळे मिटून नुसतं पाऊल ऐकतो. ती दर पावलाला लंगडते, एकदाही चुकत नाही. काल त्याने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं.

"ताई, हिचं खरंच दुखतंय का गं? मला कळेनासं झालंय."

मी काय सांगणार? मास्तर तो.

"बाबा, अजून एकदा चालू?" पोरीने विचारलं. चेहरा कसा फुललेला होता तिचा.

"चाल," तो म्हणाला.