रिकाम्या घाण्याचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना लाकडी तेलघाणा आहे. राहायला अणदूरला, गुंडप्पांच्या घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये. जुना म्हटलं की लोक नाक मुरडतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो : माझं लाकूड चिंचेचं आहे, आणि त्या चिंचेच्या सावलीत अर्ध्या गावाची भांडणं मिटली होती. खानदानी आहे मी. जरा गर्विष्ठही आहे, पण तेलात वाढलेल्याला तेवढा गर्व शोभतो.

सुतारानं माझं उखळ कोरलं आणि त्यात फिरायला लाट, म्हणजे जाडजूड दांडा, तासला, तेव्हा गुंडप्पा नुकते मिशी ठेवायला लागले होते. त्यांच्या कारभारणीनं, नागम्मानं, मला हळद-कुंकू वाहिलं आणि पहिल्या करडईचं पहिलं तेल खंडोबाच्या दिव्याला धाडलं. ती आता नाही. तेव्हा मला बैल फिरवायचा, पुढं मोटार आली. बैल शेपटीचा फटका द्यायचा, मोटार देत नाही, एवढाच काय तो फरक. कामात मी कधी कसूर केली नाही.

आमच्याकडची रीत साधी होती. शेतकऱ्यानं करडई आणायची, आम्ही तेल काढून द्यायचं. तेल त्याचं, मागं राहिलेली पेंड आमची. तीच मजुरी. कित्येक जण तर सगळी करडई आमच्याकडंच टाकून जायचे आणि वर्षभर लागेल तसं तेल न्यायचे. चिठ्ठी नाही, पावती नाही. लेकीचं लग्न असो की दिवाळीचं तळण, रिकामा डबा घेऊन यायचं आणि भरून न्यायचं. बँकेत पैसे ठेवतात तसं लोक माझ्यापाशी तेल ठेवायचे म्हणा ना.

गुंडप्पांची नजर अधू झाली आणि धंदा त्यांच्या मुलाच्या, शिवानंदच्या हाती आला. पोरगा गुणी. कष्टाला मागं सरणारा नव्हे. शहरातल्या लोकांना घाण्याच्या तेलाचं वेड लागलं आहे हे त्यानं बरोबर हेरलं. त्यानं कर्ज काढून लोखंडी यंत्र आणलं, बाटल्या भरायचं मशीन आणलं, हायवेला दुकान टाकलं आणि त्याच्या पाटीवर माझं चित्र काढून घेतलं. माझं चित्र! गाड्या थांबायच्या, बायाबापड्या माझ्याशेजारी उभ्या राहून फोटो काढायच्या. मी इतका फुगलो होतो की उखळ फुटलं कसं नाही याचंच नवल.

पण एकाचं पाहून दुसऱ्यानं, दुसऱ्याचं पाहून तिसऱ्यानं, अशी घाण्याच्या तेलाची दुकानं हायवेला कुत्र्याच्या छत्रीसारखी उगवली. त्यातल्या निम्म्यांत घाणा नुसता पाटीवरच होता. त्यांचं तेल स्वस्त, आमचं महाग. आमच्या बाटल्या फळीवर धूळ खात राहिल्या. कर्जाच्या हप्त्याला मात्र धूळ बसत नाही, तो वेळेवर येतो.

मग शिवानंदनं एक गोष्ट केली. लोकांनी विश्वासानं ठेवलेल्या करडईचं तेल त्यानं मिळेल त्या भावाला विकलं आणि हप्ता भरला. पुढच्या महिन्यात भरून काढू, असं तो स्वतःशीच पुटपुटला, ते मी ऐकलं. पुढच्या महिन्यात उरलेली करडईही गेली. मित्रांनो, तो चोर नव्हता, पण चोर जे करतो तेच त्यानं केलं. मला त्याचा राग आला आणि कीवही आली.

कोठी रिकामी झाली, तेव्हा मी गप्प राहायला हवं होतं. पण आमच्या गावात माझा आवाज सकाळच्या चहासारखा ठरलेला आहे. तो थांबला असता, तर गावानं विचारलं असतं, घाणा बंद का? एकानं विचारलं की दुसरा डबा घेऊन आलाच असता, आणि मग बँकेचा माणूस. शिवानंदला या विचारानं घाम फुटायचा. म्हणून रोज सकाळी तो शेडचं दार लोटून घ्यायचा, मोटार चालू करायचा आणि मला रिकामाच फिरवायचा. कुणी डबा घेऊन आलंच, तर फळीवर पडून राहिलेल्या बाटल्या त्यात ओतून वेळ मारून न्यायचा.

रिकामा घाणा म्हणजे काय, ते तुम्हाला कसं सांगू? बी असलं की लाट आणि उखळ यांच्यामध्ये मऊ काही तरी असतं. बी नसलं की लाकूड लाकडाला खातं. मी तापायचो, कळ यायची, कडेला काळी रेघ उमटली होती. भरला घाणा घुमतो, रिकामा किंचाळतो. मी किंचाळत होतो आणि शिवानंद कोपऱ्यात पोत्यावर डोकं धरून बसत होता. आमच्या दोघांत जास्त कोण झिजत होतं, सांगता येत नाही.

हे पहिल्यांदा कळलं ते त्याच्या बायकोला, शिवलीलेला. ती एका सकाळी पाटी घेऊन शेडमध्ये शिरली.

"आवं, म्हशीला पेंड कुठंय? घाणा तर रोज फिरतोय."

शिवानंदनं मोटार बंद केली नाही. तिनं वाकून माझ्या उखळात पाहिलं, मग नवऱ्याकडं पाहिलं आणि पाटी खाली ठेवली. तिला रडू आलं नाही. तिनं फक्त दार आतून लावून घेतलं. तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं.

दोघं धाराशिवला वकीलबाईंकडं जाऊन आली, ज्ञानेश्वरीबाईंकडं. त्यांनी सांगितलेलं शिवानंद माझ्यापुढं बसून पुन्हा पुन्हा घोळवायचा. कोर्टात नादारीचा अर्ज करता येईल. यंत्रं, दुकान विकून जे येईल ते सगळ्या घेणेकऱ्यांत वाटलं जाईल, उरलेलं माफ होईल, बँकेचा तगादा थांबेल.

"पर त्या घेणेकऱ्यांत आपली मान्सं बी आली की," तो शिवलीलेला म्हणाला. "ज्यानं डबाभर तेल ठिवलं, त्याच्या वाट्याला वाटीभर येनार. अन् मी कायद्यानं मोकळा."

"मग अर्ज नका करू."

"न्हाय केला तर कमवीन ते समदं बँकेत जाणार. मान्सांना वाटी बी न्हाय मिळायची."

इकडं आड, तिकडं विहीर. अर्जाचा कागद कोनाड्यात पडून राहिला आणि मी रोज सकाळी रिकामा फिरत राहिलो. माझी काळजी तर कुणी करतच नव्हतं. हायवेच्या एका हॉटेलवाल्यानं मला शोभेसाठी मागितलं होतं. माझ्यावर म्हणे काच टाकून टेबल करणार होता! ज्यानं खंडोबाच्या दिव्याला तेल दिलं, त्याच्यावर लोक मिसळ खाणार. माझी झोपच उडाली.

अशात शिमग्यानंतर धुरपदाबाई आली. दोन एकरांची धनीण, तोंडानं फटकळ. तिची सगळी करडई आमच्याकडं होती आणि नातीचं, हर्षालीचं, लग्न ठरलं होतं. डबा घेऊन ती थेट शेडमध्येच आली. दार लावायचं त्या दिवशी राहून गेलं होतं.

"चालू हाय की घाणा! लोक उगंच कायबाय बोलत्यात. भर बाबा डबा, मंडपवाला येणार हाय."

शिवानंदला नाही म्हणता आलं नाही. "बसा मावशी, निघतंय," एवढंच तो म्हणाला.

ती बसली. मी किंचाळत होतो. तिच्यादेखत तो मला रिकामा फिरवत राहिला, जणू असंच फिरवत राहिलं तर कुठून तरी तेल येईल. मित्रांनो, त्या वेळी मला फुटून जावंसं वाटलं. बराच वेळ गेल्यावर म्हातारी उठली आणि जिथून तेल गळतं त्या नळीखाली तिनं हात धरला. हात कोरडाच राहिला. तो तिनं पदराला पुसला, पुसण्यासारखं काही नसतानाही.

"कवापासनं?"

"दिवाळीपासनं," शिवानंद म्हणाला.

"तेल न्हाय म्हनून सांगितलं असतंस तर मी चार शिव्या दिल्या असत्या अन् घरी गेले असते. मला बसवून ठिवलंस. ह्ये सोंग कशापायी रं?"

तिनं डबा तिथंच टाकला आणि ती निघून गेली. तो डबा उचलायची हिंमत शिवानंदला झाली नाही.

धुरपदाबाईचं बोलणं गुंडप्पांच्या कानांवर गेलंच. भिंत चाचपत ते शेडमध्ये आले. मुलानं काही लपवलं नाही. मग म्हातारा कडाडला.

"आमच्या आज्याच्या टायमाला पेठंत ज्याचं बुडायचं, त्यो भर दुपारी उंबऱ्यावर दिवा लावून बसायचा. येनाऱ्या-जानाऱ्याला कळायचं, ह्याचं संपलं. त्येला बी अब्रू होती. तू लोकांचं तेल खाऊन भोंगा वाजवीत बसलास! जा, लाव दिवा भर दुपारी!"

म्हाताऱ्यानं टोमणा मारला होता. शिवानंदनं तो खराच धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मोटार चालू केली नाही. कितीतरी दिवसांनी मी गार होतो. दुपारी ऊन रणरणत असताना त्यानं दुकानात उरलेली एक बाटली फोडली, पणतीत तेल घातलं, वात लावली आणि शेडच्या उंबऱ्यावर दिवा ठेवून शेजारी मांडी घालून बसला. शिवलीला येऊन त्याच्याजवळ बसली. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, जशी पूजेला बसताना करते.

वारा होता. ज्योत आडवी व्हायची, विझू बघायची. मी आतून बघत होतो आणि माझा जीव टांगणीला लागला होता. तेवढ्यात गुंडप्पा काठी टेकत बाहेर आले. मुलाच्या अंगावर धावून जातात की काय, असं मला वाटलं. ते थबकले. त्यांना दिवा दिसत नव्हता, पण तेलाचा वास ओळखीचा होता.

"वाऱ्याला ठिवलास व्हय रं," ते म्हणाले. "जरा आत घे." आणि तेही खाली बसले.

गाव जमलं. नव्या पोरांना दिव्याचा अर्थ कळेना, म्हाताऱ्यांनी सांगितला. शिवानंदनं कुणाचं किती तेल खाल्लं ते नावानिशी सांगितलं. मग जे व्हायचं ते झालं. तेल बुडालेल्या लिंबाजीनं आईबहिणीवरून शिव्या दिल्या. कुणी थुंकलं. कुणी म्हणालं, आम्हाला माहीत होतं, भरला घाणा असा बोंबलतो का कधी! म्हणजे ज्या गावापासून लपवायला मी एवढा जळलो, त्या गावाला सगळं ठाऊकच होतं. मला हसावं की रडावं कळेना.

"मी नादारीचा अर्ज देतोय," शिवानंद म्हणाला. "बँकेचं कोर्ट बघंल. कायदा म्हनंल, तुमचं बी फिटलं. ते मला मान्य न्हाय. तुमचं तेल मी फेडणार. लई वर्सं लागतील, पर फेडणार."

कुणी वाहवा केली नाही. पांगले सगळे. वकीलबाईंनाही त्यानं हेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "कायद्यानं तुमच्यावर बंधन उरणार नाही." तो म्हणाला, "कायद्याचं संपलं, म्हणून माझं संपत न्हाय, बाई."

अर्ज गेला. यंत्रांची किंमत करायला माणूस आला, तेव्हा मी कापत होतो. लोखंडी यंत्र लिहिलं, बाटल्यांचं मशीन लिहिलं, दुकानातल्या फळ्या लिहिल्या. माझ्यापुढं उभं राहून त्यानं मला पायानं ठोकलं, ती काळी रेघ बघितली आणि मोठ्यानं बोलत लिहिलं, "जुनं लाकूड. किंमत नाही." आयुष्यात माझा एवढा अपमान झाला नव्हता, आणि इतका गोडही कुठला अपमान लागला नव्हता. मी घरीच राहिलो.

पण राहून करायचं काय? कोठी रिकामी, विश्वास गेलेला. उन्हं तापली तशी माझी लाकडं कोरडी पडायला लागली. कुणी येत नव्हतं. शिवानंद दुसऱ्याच्या शेतात रोजानं जायचा, संध्याकाळी येऊन मला ओल्या फडक्यानं पुसायचा.

एका सकाळी धुरपदाबाई पाठीवर गाठोडं घेऊन आली. नव्या करडईचं. आल्या आल्या तिनं ते माझ्या उखळात रिकामं केलं.

"माझ्यासमोर काढ. तेल मी नेणार, पेंड बी मीच नेणार. मजुरी मागशील तर याद राख."

"न्हाय मागत, मावशी."

"अन् ह्ये जुन्या तेलात धरायचं न्हाय. ते निराळं हाय."

"व्हय. ते निराळं."

ती पोतं अंथरून नळीसमोर बसली, डोळ्यांत तेल घालून म्हणतात तशी. त्यानं मोटार लावली. मी घुमू लागलो. किती तरी महिन्यांनी माझ्यात मऊ काही तरी होतं. पहिला थेंब पडला, तेव्हा तिनं शिवानंदकडं बघितलंही नाही, थेंबाकडंच बघत राहिली. तिनं त्याला माफ केलं नव्हतं. पण ती आली होती. हळूहळू आणखी काही जण असेच येऊ लागले, स्वतःचं बी घेऊन, समोर बसून, पेंडसुद्धा झाडून नेणारे.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना पुसत जा, उन्हात टाकू नका, हे तर मी सांगणारच, म्हातारे सांगतातच. पण त्याहून एक मोठं मागणं आहे. तुमच्या घरात कुणी माणूस फार आवाज करत असेल, सगळं झकास चाललंय असं पुन्हा पुन्हा सांगत असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. शिव्या द्या हवं तर. पण त्याला एकट्याला रिकामं फिरू देऊ नका. लाकूड झिजलेलं निदान दिसतं तरी, माणसाचं झिजणं दिसतही नाही.