फीची साखळी

सकाळी नऊ वाजता सोनपेठच्या बाजारात रंगनाथ सोनाराने सरजाबाईच्या साखळीचा उरलेला तुकडा पारड्यात टाकला. जेमतेम मनगटाला पुरेल एवढाच तो राहिला होता. त्याचा अडकवायचा आकडा तेवढा सरजाबाईने काढून मागितला.

"आकड्याला काय करता, वहिनी? अडकवायला साखळी कुठं राहिली?" रंगनाथ म्हणाला.

"राहू द्या माझ्यापाशी."

आकडा तिने पदराच्या गाठीला बांधला, पैसे चोळीत घातले आणि पालमची गाडी धरायला ती स्टँडकडे निघाली. १९७८ सालचा जून होता. जावयाच्या शेवटच्या वर्षाची फी पोचती करायची होती. हे वर्ष सरले की लेकीला, कुसुमला, कॉलेजात घालायचे, असा व्याह्यांचा शब्द होता.

पालमच्या गाडीत सरजाबाई पहिल्यांदा बसली ती चुकून. थोरल्या लेकाला ताप चढला होता आणि त्याला परभणीच्या दवाखान्यात न्यायचे होते. तिला अक्षर येत नव्हते. स्टँडवर एका तरण्या माणसाला तिने कोणती गाडी म्हणून विचारले, तर "पाटी लावलीय की मावशी, वाच," म्हणून तो हसला. ती अंदाजाने चढली. परभणीऐवजी गाडी पालमला गेली आणि परतीच्या वाटेवर लेकरू मांडीतच गार झाले. कुसुम त्यानंतरची. ती चालायला लागायच्या आधीच सरजाबाईने मनाशी ठरवले होते की ही पोर पाटी वाचील, आणि पाटी लिहिणाऱ्यांच्या रांगेत बसेल.

पोर हुशार निघाली. चौथीला ती केंद्रात पहिली आली, तेव्हा हिला कॉलेजपर्यंत जाऊ द्या आणि त्यासाठी आत्तापासून पोस्टात पैसे टाकत जा, असे मास्तर घरी येऊन सांगून गेले. सरजाबाईने पहिली गोष्ट ऐकली, दुसरी ऐकली नाही. रोकड पैसा घरच्या पुरुषाचा, तो बी-बियाण्यात, पाहुण्या-रावळ्यात कधी जातो ते कळत नाही, हे ती लहानपणापासून बघत आली होती. चांदी मात्र बाईची. बाईच्या दागिन्याला पुरुष सहसा हात लावत नाही, ही त्या भागातली रीत. रीत खरी होती. चूक झाली ती तिथेच.

दर सुगीला ती रंगनाथकडे जाई आणि साखळीला कड्या वाढवून घेई. कापूसवेचणीची मजुरी, अंडी, गवऱ्या, सगळे त्या कड्यांत गेले. "वहिनी, म्हशीला बांधायची हाय का काय ही साखळी?" असे रंगनाथ विचारी. "पोरीच्या फीची हाय," ती म्हणे. ते त्याला कधीच नीट कळले नाही. ज्वारीच्या कणगीच्या तळाशी साखळी वाढत राहिली. बहात्तरच्या दुष्काळात गावातल्या बायका एकेक डाग मोडायला लागल्या. सरजाबाईने खडी फोडली, सुकडी खाल्ली, शेवटी गळ्यातले सोन्याचे मणी विकून काळ्या पोतीवर राहिली. नवऱ्याचे वाईट चिंतते म्हणून नणंदेने, कडूबाईने, भर पारावर तिला बोल लावला. सरजाबाईने तो ऐकून घेतला. साखळी मोडली नाही.

कुसुम अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला, बसली त्या उन्हाळ्यात पालमकडच्या माणिकरावांचे स्थळ आले. त्यांचा मुलगा दिनकर मॅट्रिक होऊन कॉलेजात निघाला होता. बन्सीधर, कुसुमचा बाप, चार एकरांचा धनी, मऊ स्वभावाचा. शिकलेला जावई या दोन शब्दांनीच तो निम्मा विरघळला. बैठक घरातच बसली. पुरुष ओसरीवर, बाया दाराआड.

माणिकरावांनी पहिल्यांदाच सांगून टाकले की हुंडा घेणे गुन्हा आहे, आणि गुन्हा करणाऱ्यांतले आपण नव्हे. पोशाख नको, अंगठी नको, भांडी नकोत. ओसरीवरची माणसे एकमेकांकडे बघू लागली. असा व्याही कुणी पाहिला नव्हता. मग ते म्हणाले की मुलगा आता तुमचाच झाला, तेव्हा त्याच्या कॉलेजचा जिम्मा तेवढा तुम्ही घ्या. दर जूनला फी आणि खानावळ. बास.

बन्सीधरच्या चार एकरांत ते बसत नव्हते, हे सगळ्यांना माहीत होते. तेव्हा दाराआडून कडूबाई बोलली.

"अरे, पोरीची साखळी हाय की कणगीत. वैनीनं इतकी वर्सं काय शेजाऱ्यासाठी जमवली?"

सरजाबाईने पदर पुढे ओढला आणि दारातूनच सांगितले, "ती तिच्या कॉलेजच्या फीची हाय."

माणिकराव हसले. चांगले, मोकळे, पाहुण्याला शोभेल असे हसले.

"मग फीलाच जायलीय की, विहीणबाई. तिची काय अन् ह्याची काय. एकाच घरातली ना आता?"

सगळेच हसले. बन्सीधरही हसला. कडूबाई तिच्या कानाशी म्हणाली, "दागिना कधी शाळंत गेलेला बघितलाय का? दागिना लग्नालाच जातो, खुळे."

पोस्टात पैसा असता तर तो कुणाचा यावर वाद तरी झाला असता. चांदीच्या साखळीबद्दल वाद संभवत नव्हता. मुलीसाठी घडवलेला डाग मुलीच्या लग्नाचाच, हे ओसरीवरच्या प्रत्येकाला उमजत होते. उलटे बोलणारी एकटी सरजाबाई होती आणि ती दाराआड होती. तिने एवढेच पदरात पाडून घेतले की साखळी तिच्याच हाती राहील, ती दर वर्षी लागेल तेवढी मोडील, आणि दिनकरचे झाले की कुसुमला कॉलेजात घालायचे. माणिकरावांनी पाच माणसांत शब्द दिला.

लग्नात गावच्या पुढाऱ्याने माईकवरून या हुंडारहित विवाहाचे कौतुक केले, तरुणांनी हा आदर्श घ्यावा म्हणून सांगितले. टाळ्या झाल्या. अकरावीचा निकाल लागला तेव्हा कुसुम सासरी जाऊन पंधरवडा झाला होता. शाळेत पहिली आली म्हणून मास्तर पेढे घेऊन आले. पेढे सरजाबाईने ठेवून घेतले. चार दिवसांनी त्यांना मुंग्या लागल्या.

पहिल्या वर्षी साखळीचा मोठा तुकडा गेला. "आता कंबरेला बसायची न्हाई, वहिनी. गळ्यात घाला," रंगनाथ म्हणाला. पुढच्या वर्षी म्हणाला, पायात घाला. त्याच्या पुढच्या वर्षी त्याने थट्टा केली नाही. पैसे घेऊन सरजाबाई दर जूनला पालमच्या गाडीत बसे. आता पाटी वाचायची गरज नव्हती, गाडी तोंडपाठ झाली होती.

कुसुम दर खेपेला थोडी काळवंडलेली दिसे. पहाटे दळण, मग पाणी, मग रान. पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत दिनकर पुस्तके घेऊन आला होता. भाकरी थापता थापता तिने एक पुस्तक चुलीपुढे उभे केले आणि वाचले. जेवायला वाढताना तिने त्याला त्यातले काहीतरी विचारले. त्याला ते सांगता आले नाही. बापासमोर सांगता आले नाही, म्हणून त्याने ताटावरून उठून तिच्या थोबाडीत मारली. पुढच्या सुट्टीपासून तो पुस्तके होस्टेलवरच ठेवून येऊ लागला. हे कुसुमने आईला तिसऱ्या वर्षी सांगितले, तेही सहज, तांदूळ निवडता निवडता. तोवर तिची लेक सुला पोटात होती.

"सोडून चल," सरजाबाई म्हणाली.

"आता दोनच वर्सं राहिली, आई. एवढी भरलीस, ती पाण्यात घालू का?"

शेवटचा तुकडा मोडला तो १९७८ च्या जूनमध्ये. पुढच्या उन्हाळ्यात दिनकर बी.ए., बी.एड. होऊन एका हायस्कुलात लागला. आता त्याला सगळे दिनकरराव म्हणू लागले. सासूने कुसुमची पेटी भरून दिली, माहेरी चार दिवस राहून ये म्हणाली, आणि सुलाला कडेवर घेऊन कुसुम आली. चार दिवसांनी न्यायला कुणी आले नाही. महिन्याने गावात बांगड्या भरायला आलेल्या कासाराने सहज बोलता बोलता सांगितले की तुमच्या जावयाचे लग्न चारठाण्याला मोठ्या थाटात झाले. नवरी डी.एड. झालेली, पगारदार.

पहिली बायको नांदती असताना दुसरी करणे हाही गुन्हाच. माणिकरावांना हाही कायदा ठाऊक होता.

बन्सीधर आणि सरजाबाई कुसुमला घेऊन त्यांच्या दारी गेले. माणिकरावांनी पाणी दिले, चहा दिला, गावातली दोन शहाणी माणसे बोलावून घेतली. आवाज एकदाही चढवला नाही. पोराला आता नोकरीच्या गावी चार शिकल्या-सवरल्या लोकांत वावरावे लागते, त्याला जोडीची बायको पाहिजे, यात कुणाचाच दोष नाही, असे त्यांनी समजावून सांगितले. मग ते सरजाबाईकडे वळले.

"वाईट वाटून घेऊ नका, विहीणबाई. पर तुमची पोरगी शिकलेली आसती, तर ही येळच आली नसती."

सरजाबाईने पदराची गाठ चाचपली. शहाण्या माणसांपैकी एकाने मान डोलावली.

तोड काढण्यात आली, ती अशी. कुसुमने यावे, घरात राहावे, रान बघावे, स्वयंपाक करावा. दोघी सुट्टीत एकत्र नांदतील. टाकून दिली असे कुणी म्हणणार नाही, पोरीला बापाचे नाव राहील. बन्सीधरने डोळे पुसले आणि हात जोडायला उचलले. ते जुळायच्या आत कुसुम बोलली.

"मला नांदायचं न्हाई."

"मग काय करायचं?" माणिकरावांनी विचारले.

"तुमी शब्द दिलता, ह्यांचं झालं की माझं. ह्यांचं झालं. आता माझी फी भरा."

शहाण्या माणसांना हसू आले. लेकराची आई कॉलेजात जाणार म्हणे. माणिकराव हसले नाहीत. त्यांनी बन्सीधरला एवढेच सांगितले की पोरीला घरी न्या, डोकं थंड झालं की आणून सोडा.

घरी आल्यावर बन्सीधर दोन दिवस जेवला नाही. जेवला तेव्हा म्हणाला की नशिबाला काय करणार. कडूबाई सांगत आली की कोपऱ्यात पडून राहिली असती तरी घर मिळाले असते. सरजाबाईने पदराची गाठ सोडली, आकडा काढला आणि कुसुमच्या हातावर ठेवला.

"एवढाच राहिलाय. ह्याला काय यायचं न्हाई. पर ह्याच्या पुढं केवढी साखळी होती ते साऱ्या बाजाराला ठावं हाय. रंगनाथला बोलव, तो सांगल."

"बाजारात कशाला, आई," कुसुम म्हणाली. "जिथं खर्च झाला तिथंच मागू."

सोमवारी सकाळी दिनकररावांच्या शाळेत प्रार्थनेची घंटा झाली, तेव्हा कुसुम सुलाला घेऊन व्हरांड्यात, शिक्षक-खोलीच्या दाराशी बसलेली होती. शेजारी सरजाबाई. पोरे रांगेत उभी होती. हेडमास्तर बाहेर आले, काय काम आहे म्हणून त्यांनी विचारले. तिने उठून नमस्कार केला.

"सर, ह्या मास्तरांची कॉलेजची फी माझ्या आईनं भरली. ती माझी होती. आता माझी त्यांनी भरावी, एवढंच काम हाय. दिली की उठते."

दिनकरराव तेव्हा रांगेपुढे उभे होते. त्यांनी प्रार्थना संपेपर्यंत डोळे मिटून घेतले होते. प्रार्थना संपली तेव्हा ते जागेवर नव्हते.

हेडमास्तरांनी आधी तिला जायला सांगितले, मग बसायला खुर्ची दिली, मग संस्थेच्या अध्यक्षांना निरोप धाडला. दुपारच्या सुट्टीत नववीतल्या दोन मुलींनी सुलाला डब्यातली पोळी खाऊ घातली. त्यांच्यातल्या एकीने कुसुमला विचारले की मावशी, तुम्ही कितवीपर्यंत शिकला. कुसुमने सांगितले. मुलगी बराच वेळ तिथेच उभी राहिली, घंटा झाली तरी.

मंगळवारी त्या दोघी पुन्हा येऊन बसल्या, बुधवारीही. बुधवारी संध्याकाळी माणिकराव जीपमधून दोन माणसे घेऊन शाळेत आले, अध्यक्षांच्या खोलीत तासभर बसले आणि व्हरांड्याकडे न बघता निघून गेले. काय ठरले ते कळलेले नाही. दिनकरराव रजेवर आहेत. रजेचे कारण शाळेत 'घरगुती' असे कळवले आहे.

परभणीच्या कॉलेजातले प्रवेश शनिवारी बंद होतात. गुरुवारी सकाळी प्रार्थनेची घंटा झाली तेव्हा शिपायाने व्हरांडा झाडून घेतला होता, आणि झाडताना एक कोपरा तेवढा सोडला होता. कुसुम तिथे आधीच येऊन बसलेली होती.