न आलेला ढेकर

"वाढ अजून," बायनाबाई सुनेला म्हणाल्या. "इवायाचं पोट कुठी भरलं? ढेकर आला नाई अजून."

गुलाबचा हात भाताच्या पातेल्यावरच थांबला. समोर तिचे बाबा, म्हणजे बायनाबाईंचे व्याही देवाजी, पाट मागे सारून ताठ बसले होते. लेकीला पहिल्या बाळंतपणासाठी न्यायला ते आले होते. त्यांना जन्मात कधी ढेकर आला नव्हता. जेवलं की पोट फुगायचं, हवा गळ्याशी येऊन अडायची आणि गळा आतल्या आत बेडकासारखा बोलायचा. चंद्रपूरच्या डॉक्टरने हसून पाचक गोळ्या दिल्या होत्या.

आताही तो आवाज आला.

"काय बोलून राह्यलं हे तुमच्या गळ्यात?" बायनाबाईंनी हळूच विचारलं.

"हवा आहे, इहीनबाई. लहानपणापासून असंच आहे."

"हवा बाहेर येते. आत रायते ते दुसरंच असते." त्यांची नजर गुलाबच्या पोटावर गेली. "असल्या घरी मी सुनेले बाळंतपणाले नाई धाडत."

शेजारचे मुखरूभाऊ मध्ये पडले. "अवं, सोडा-लिंबू द्या त्याईले. दगडालेही ढेकर येते त्यानं."

"द्या. आला त न्या पोरीले."

गुलाबच्या लग्नातही कुणीतरी असाच सोडा पाजला होता. तेव्हा बाबा संध्याकाळपर्यंत गोठ्यामागे पोट धरून तळमळत होते.

"बाबा, नोका घेऊ."

"तुले न्यायचं आहे ना?" त्यांनी फेसाळता पेला रिकामा केला.

सगळे वाट पाहत राहिले. अंगणातल्या बायाही दाराशी आल्या. सदऱ्याखाली पोट ढोलासारखं ताणत गेलं. गळा बोलतच राहिला, बाहेर मात्र काही आलं नाही. एका बाईने लेकराला पदराखाली ओढलं.

"झालं," बायनाबाई उठल्या. "सुकरी सुईणीले सांगून ठेवतो. इथीच होईन बाळंतपण."

देवाजींनी हात धुतले. "जेवण चांगलं झालं, इहीनबाई," एवढंच म्हणाले आणि लेकीच्या डोक्यावरून हात फिरवून बाहेर पडले.

गडचिरोलीची गाडी घरासमोरच थांबायची. दुपारची गाडी, जवळजवळ रिकामी.

"बसा ना, भाऊ," कंडक्टर म्हणाला.

"उभ्यानं बरं आहे."

पोट असं फुगलं की बसून त्यांना श्वास पुरत नसे. गुलाब घराच्या खिडकीशी आली तोवर गाडी हलली होती. रिकाम्या बाकांच्या मधोमध, वरचा दांडा धरून, बाबा ताठ उभे होते.