पहिला नंबर

सकाळी माझ्या दिराच्या अंगणात चार बाप्ये भांडत होते, आणि चौघांचं म्हणणं एकच. आज गव्हाची मळणी आधी माझी. गंमत अशी की चौघंही खरं बोलत होते, कारण दिरानं चौघांनाही तसा शब्द दिला होता. त्या चौघांत एक माझा नवरा.

गावात मळणीचं मशीन एकच, ते ह्या दिराचं. गाव त्याला ‘चालतंय’ म्हणतं. काहीही सांगा, मान हलवून ‘चालतंय की’. आधीच तोंडाचा गोड, त्यात मागच्या थंडीत शहरात जाऊन धंद्यावरचं व्याख्यान ऐकून आला. गळ्यात नावाचा बिल्ला अडकवून आला तो तसाच जेवायला बसला.

“वहिनी, मोठा धंदेवाला गिऱ्हाइकाला कधी नाही म्हणत नाही,” म्हणाला.

“आणि काम?”

“काम होतं मागाहून. आधी माणसाच्या मनात जागा करायची.”

हा लोकांच्या मनात जागा करत हिंडला आणि मशीनचा तुटलेला पट्टा महिनाभर शेडमध्ये लोंबत राहिला. मी ह्यांना तेव्हाच म्हटलं होतं, तुमच्या भावाला डोकं कमी होतं, ते आता भाड्यानं दिलंय. हे हसले. आमच्या ह्यांना भावाचं सगळंच गोड लागतं.

नाही तो एकाच बाईला म्हणाला. गावची दाई. तिचा गहू म्हणजे बांधाकडेची एक पट्टी. दारात आली तर हा म्हणतो, “मावशी, तुझ्या पोतंभर गव्हासाठी मशीन हलवू? डिझेलही सुटायचं नाही. जा, काठीनं बडव.” ती जाताना त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून गेली. मी म्हटलं, नाही म्हणायचं नसतं ना? तर म्हणतो, “ती कुठं गिऱ्हाईक आहे?”

तर त्या दिवशी सगळ्यांनी पहाटेच आपापल्या गंजीवरची ताडपत्री काढून ठेवली होती. झाकलेल्या गंजीतली ओल उडायला हवी, ओला गहू मशीनला चालत नाही. आम्हीही काढली, आणि धान्य पडायला खाली खळ्यात पसरून दिली. वर्षाचं खाणं आणि पुढचं बी, सगळं त्या एका गंजीत होतं. मी राखणीला बसले आणि हे मशीन आणायला गेले.

ते काही येईना. मागाहून कळलं, ट्रॅक्टरमागं मशीन निघालं होतं, नाही असं नाही. आधी चौघांतल्या सुताराच्या शेताकडे वळलं. वाटेत दुसरा आडवा आला, तर दीर त्याला म्हणाला, “चालतंय की, तुझं आधी उरकू.” ट्रॅक्टर फिरवला. तिसऱ्यानं चाकापुढे बैठक मारली, त्यालाही तेच. आमचे हे तेवढे सज्जनासारखे कडेला उभे, भाऊ आपल्याला विसरणार नाही म्हणून. दुपारपर्यंत ते मशीन गावातच गोल गोल हिंडलं, एक दाणा पडला नाही. डिझेल मात्र पोटभर प्यालं.

उन्हं कलली आणि वारा सुटला. आभाळ एका बाजूनं काळं होत आलं. मी राखणीवरून उठले, खळ्यातली ताडपत्री गंजीवर ओढायला लागले, तर वाऱ्यानं ती अशी फुगली की मीच तिच्यामागे फरफटत गेले. एकटीच्या हाताला ती कुठली आवरते? हाका मारल्या, पण ऐकायला कोण होतं, सगळा गाव भांडण बघायला गेलेला. पावसानं माझ्या डोळ्यांदेखत गंजी भिजवली. मी तिथंच चिखलात बसून रडले.

गावात गहू कोरडा राहिला तो एकट्या दाईचा. तिला मशीन मिळणार नाही हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तिनं घरातल्या गोधड्या, पोती, जुनी लुगडी सगळी नेऊन गंजीवर घातली आणि दगड ठेवले. आम्हाला कुणी नाही म्हटलं असतं, तर आम्हीही झाकून बसलो असतो. दिराच्या गोड तोंडानं आमचं वाटोळं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी पलीकडच्या गावातल्या मशीनवाल्याकडे चालत गेले. माणूस इतका तुसडा की बस म्हणायचीही पद्धत नाही.

“आज येशील का?” मी विचारलं.

“नाही.”

“उद्या?”

“उद्याही नाही. गुरुवारी दुपारी. तोवर गंजी मोडून वाळव, ओल असली तर मी परत जाईन.”

खरं सांगते, ते ‘नाही’ ऐकून मला गार पाणी प्यायल्यासारखं वाटलं. घरी येऊन मी आणि ह्यांनी गंजी उसकटली. वरचा गहू काळा पडला होता, काहीला मोड फुटलेले, तो गुरांपुढे टाकला. आतला निम्मा हाती लागेलसा होता. उन्हात घातला, संध्याकाळी झाकला, पुन्हा घातला.

गुरुवारी दुपारी तुसडा आला. मूठभर ओंब्या हातात चोळल्या, दाणा दातानं फोडून बघितला आणि मशीन सुरू केलं. आवाज ऐकून दीर बांधावर येऊन उभा राहिला. सुतारही आला, त्याच्या मागनं बाकीचे दोघं. कुणी दिराकडे बघेना. सुतारानं सरळ तुसड्यालाच विचारलं, माझं कधी? तो म्हणाला, शनिवारी, आणि सुतार मुकाट्यानं गंजी झाकायला गेला.

दीर खाली उतरून माझ्याजवळ आला. तोंड पडलेलं.

“वहिनी, घरचं मशीन असताना परगावचं आणलंत? लोक काय म्हणतील?”

“लोकांचं जाऊ दे,” मी म्हटलं. “ते पोतं धर, भरत आलंय.”

त्यानं पोतं धरलं.