म्हाळसाबाईच्या रानात विमान

पुण्याच्या विमानतळावर दिल्लीचं विमान रद्द झाल्याचं भोंग्यातून सांगितलं, तेव्हा म्हाळसाबाई काठी मांडीवर आडवी घेऊन काचेच्या दाराकडं तोंड करून बसली होती. भोंग्यातली पोरगी बोलत होती मंजूळ, पण तिच्या बोलण्यात कामाचा शब्द एकही नाही असं म्हाळसाबाईचं मत पडलं. शेजारी बसलेला बिभीषण मात्र पांढरा पडला. बिभीषण म्हणजे परंडा तालुक्यातल्या मेंढी-लोकर संस्थेचा सेक्रेटरी. मॅट्रिक झालेला, आणि म्हाळसाबाईपुढं नापास झाल्यासारखा उभा राहणारा.

"आक्का, इमान रद्द झालं."

"म्हंजी?"

"येणार न्हाय. उद्याचं बघू म्हनत्यात."

"उद्या काय म्या तिथल्या सतरंज्या झाडू?"

बाईचं म्हणणं खरं होतं. मेळावा होता त्याच दुपारी. त्या साली पाऊस लागोपाठ दुसऱ्यांदा हुकला होता. गावात चारा छावणी उघडली, पण गाय, बैल आणि म्हैस एवढ्यांचीच. मेंढरू जनावरात धरायचं नाही, असा वरून हुकूम. ज्यानं तो काढला त्यानं जन्मात घोंगडी पांघरली नसणार. म्हाळसाबाईच्या मेंढ्या छावणीच्या कुपाटीला नाक लावून आतला कडबा नुसता हुंगायच्या आणि संध्याकाळी तशाच माघारी यायच्या. दोन-चार तर माघारी आल्याच नाहीत. अशात दिल्लीला लोकर संस्थांचा मेळावा निघाला आणि संचालकांतली एकुलती एक बाई म्हणून तिला बोलायला बोलावलं. पोस्टानं ते बोलावणं इतकं रमतगमत आणलं, की रेल्वेनं गेली असती तर ती मांडव सोडायलाच पोचली असती. म्हणून सरकारानं विमानाचं तिकीट धाडलं. म्हाळसाबाईनं भाषण पाठ केलं होतं. मेंढ्या छावणीत घ्या. झालं भाषण.

ते भाषण घेऊनच ती खिडकीशी गेली. आत दामले नावाचे साहेब होते, मान सारखी हलवून हलवून दमलेले.

"तिकिटाचे पैसे परत मिळतील, आजी."

"आजी म्हनू नगा. तुमच्या डोईवर माझ्याहून कमी केस हायत. आन तिकीट काय माझ्या बापानं काढलं व्हय? सरकारचं पैसं सरकारला द्या. माझी भरपाई बोला."

"त्याच्यावर भरपाई नसते, बाई."

"असती. तुमाला ठावं न्हाय, म्या सांगते. आमचं मेंढरू कुनाच्या ज्वारीत शिरलं तर आमी त्याला पैसं दावत न्हाय. पैशानं तोंडातोंडी वाढती. आमी त्याच्या रानात आख्खा कळप रातभर बसवतो. लेंड्या पडत्यात, मूत मुरतं, म्होरल्या साली पीक कमरंला लागतं. ज्यानं नुकसान केलं त्यानंच येऊन बसायचं. तुमच्या इमानानं आमचं नुकसान केलंय. एक रात माझ्या रानात आनून बसवा, आपला हिशेब मिटला."

दामले साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. समोरची बाई तीच होती.

"बाई, विमान लेंड्या टाकत नाही."

"ते काय टाकतंय ते आमी बघू. तुमी बसवा."

मागं रांगेत उभा असलेला एक सुटाबुटातला माणूस म्हणाला, "बाईंचं म्हणणं मला तरी रास्त वाटतं." रांगेतल्या आणखी दोघा-तिघांनी माना डोलावल्या. दामले साहेबांना ही बया खिडकीवरून हलायला हवी होती, म्हणून ते म्हणाले, "लेखी द्या." बिभीषणानं लाजेनं मान खाली घालून लिहिलं, म्हाळसाबाईनं अंगठा हाणला आणि दोघं कुर्डुवाडीच्या गाडीनं माघारी निघाले.

गावात शिरताना टँकरपाशी बायकांची रांग होती. शांताक्का घागर कमरेवर घेऊन वाटच बघत होती. तिचं आणि म्हाळसाबाईचं जन्माचं पटत नव्हतं.

"काय गं म्हाळसे, आभाळातनं उतरलीस का यष्टीतनं?"

सगळ्या हसल्या. झालं ते सांगून टाकलं असतं तर तिथंच मिटलं असतं. पण म्हाळसाबाईचं तोंड वाकायला शिकलेलंच नव्हतं.

"म्या कशाला आभाळात जाऊ? इमानच हितं येऊन माझ्या रानात बसायचंय. लेखी दिलंय."

एकदा बोलली ती बोलली. दुसऱ्या दिवशीपासून तिनं छावणीला लागून असलेल्या आपल्या पडीक रानातले धोंडे वेचायला काढले. कळप बसवायचा म्हटलं तरी जागा साफ करतात, हे तर विमान. दुष्काळात लोकांना दुसरं काम कुठलं? येऊन बघणारे बघता बघता वाकून धोंडे उचलायला लागले. पोटाखाली काही टोचू नये म्हणून कुणी कुसळं काढली. विमान उजवीकडं वळून बसतं का डावीकडं, यावरून दोन भावकीत अबोला झाला. तिसऱ्या दिवशी शांताक्कासुद्धा पाटी घेऊन आली. "तुझ्यासाठी न्हाय आले, इमानासाठी आले," एवढं मात्र तिनं सांगून ठेवलं.

आबाराव छावणीचे चेअरमन. पहिल्यांदा ते पोट धरून हसले. मग एका दुपारी त्यांच्या डोक्यात काही तरी आलं आणि हसू जागच्या जागी वाळलं. चालत रानात आले.

"म्हाळसाबाई, खरंच येनार का?"

"लेखी दिलंय म्हनलं की."

"म्हंजी संगं सायेब लोक येनार."

"मग? एकलं यायला ते काय चुकार मेंढरू हाय?"

आबारावांनी छावणीकडं पाहिलं. कुपाटीबाहेर मेंढ्या उभ्या होत्या. एकेकीच्या फासळ्या लांबून दिसत होत्या.

"ह्या तेवढ्या हलवा. दिल्लीचा मानूस इच्यारंल, चेअरमन, दारात ही हाडं कसली?"

"हलवत न्हाय. भरपाईला जे येतं ते धन्याच्या कळपाशेजारी बसतं. रीत हाय. कळपच नसंल तर इमान बसंल कुनाच्या भरवशावर?"

"अवो पर अशा वाळल्याल्या?"

"तुमी वाळवल्या, आता बघनाऱ्यांनी बघू द्या."

आबारावांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. हुकूम मोडायचा नाही आणि अब्रूही घालवायची नाही, असा मार्ग त्यांना सापडला. विमान येऊन जाईस्तोवर या गावातल्या मेंढ्या म्हशी समजल्या जातील, असं त्यांनी जाहीर केलं. त्याच संध्याकाळी कुपाटीचं दार उघडलं आणि म्हाळसाबाईच्या म्हशी बें बें करत आत शिरल्या.

महिना-दीड महिना बरा गेला. फासळ्या झाकल्या. आणि एका सकाळी एस.टी.तून दामले साहेब उतरले. हातात मोजायची टेप होती आणि चेहरा शिक्षा झाल्यासारखा. लेखी अर्ज घेतला म्हटल्यावर जागेची पाहणी करावी लागते, आणि अर्ज घेणाऱ्यानंच ती करायची, असं त्यांच्या वरिष्ठांनी ठरवलं होतं. त्यांनी रान मोजलं. इतकं स्वच्छ रान त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. आबाराव चहा सांगायला गेले तसे ते हळूच म्हाळसाबाईपाशी आले.

"बाई, विमान येणार नाही. मला जागा अयोग्य आहे असं लिहायचंय."

"ल्ह्या की. इमान येत नसतंय एवढं मला कळंना व्हय? म्या काय खुळी हाय?"

"मग हे सगळं?"

म्हाळसाबाईनं त्यांना कुपाटीपाशी नेलं. आत मेंढ्या कडबा खात होत्या. खाताना त्यांचं कुणाकडं लक्ष नव्हतं.

"ह्यास्नी आत घ्या म्हनायला म्या दिल्लीला निघाले व्हते. इमान येऊन जाईस्तवर ह्या आत. येनारच न्हाय म्हनून आज सांगितलंसा तर आज भाईर. मिरगाचा पाऊस लांब हाय. आता काय बोलायचं ते तुमी बोला, म्या हात जोडनार न्हाय."

आणि तिनं खरोखरच हात पाठीमागं घेतले.

आबाराव चहा घेऊन आले. "मग सायेब, कवा येतंय?"

दामले साहेबांनी खाकरून घसा साफ केला. त्यांचा चेहरा बघता बघता खिडकीतला झाला.

"विमानाला उशीर आहे."

"किती?"

"ते सांगता येत नाही. तांत्रिक कारण आहे. कळवण्यात येईल."

"आन तवर हा चारा कुनाच्या जिवावर? उशिराची काय भरपाई हाय का न्हाय?"

आता म्हाळसाबाई मधे पडली. "सायेब, इमानाला उशीर झाला की थांबल्याल्या मानसाला तुमी तिथं खायाला घालता का न्हाय?"

"घालतो. नियमच आहे तसा."

"जितका येळ थांबंल तितका येळ?"

"हो. सोय करावीच लागते. जिथं थांबलेत तिथं."

"ऐकलंसा आबाराव?"

"ऐकलं. पर हितं थांबलंय कोन?"

म्हाळसाबाईनं काठी कुपाटीच्या आत रोखली.

आबारावांनी मेंढ्यांकडं पाहिलं, मग साहेबांकडं. "सायेब, ह्या चालतील का?"

दामले साहेबांनी चहाचा घोट घेतला. मेंढीच्या दुधाचा चहा त्यांनी पहिल्यांदाच चाखला असावा, कारण त्यांनी कप डोळ्यांजवळ नेऊन आत पाहिलं.

"थांबणारा माणूसच असावा, असं कुठं लिहिलेलं नाही," ते म्हणाले.

सरकारी माणसाच्या तोंडून नियम आल्यावर आबारावांच्या डोक्यावरचा भार उतरला. त्यांनी छावणीच्या गड्याला हाक मारली आणि ह्यांना सकाळच्या पेंढ्या नीट टाकल्या का म्हणून विचारलं. गडी म्हणाला, म्हशींचा वाटा टाकलाय.

"म्हशी न्हायत त्या," आबाराव म्हणाले, "थांबल्याल्या मेंढ्या हायत. आनखी दोन पेंढ्या टाक."